लघवीचा आजार, रक्ताची साक्ष

एप्रिल-मे महिन्यात पडेगावच्या कोणत्याही दवाखान्याबाहेर थोडा वेळ बसा, ‘उन्हाळी लागलीय’ हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहणार नाही. पारा चाळिशीच्या वर, घाम धो धो आणि पाणी मोजून वापरायचे. छत्रपती संभाजीनगरला पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून, पन्नासेक किलोमीटरवरून, आणि नळाला ते कित्येक दिवसांच्या अंतराने येते. शहराच्या पडेगाव-मिटमिट्याकडच्या वसाहतींना टँकर नवा नाही. साठवलेल्या पाण्यात घर भागवणारी बाई सगळ्यात आधी काटकसर करते ती स्वतःच्या पिण्याच्या पाण्यात. त्यात शाळेतल्या मुली, दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या बाया, वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगार स्त्रिया स्वच्छतागृह नको म्हणून लघवी तासन्‌तास अडवून धरतात. मग लघवीला जळजळ सुरू होते. घरात धन्या-जिऱ्याचे पाणी होते, सब्जा भिजतो आणि फरक पडला नाही तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चार गोळ्या येतात.

पाणी कमी पिण्याचा आणि या जळजळीचा संबंध नुसता आजीबाईंचा अंदाज नाही. बल्गेरियात 140 स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना मूत्राशयाचा संसर्ग वारंवार होत होता आणि त्या पाणी कमी पीत होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावले. वर्षभरात त्यांना हा त्रास सरासरी 1.7 वेळा झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. औषध काय, तर पाणी. पडेगावात मात्र हे औषध टँकरच्या भरवशावर आहे.

या दुखण्यांपैकी बहुतेक साधी असतात. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने 1885 मध्ये ज्याचे वर्णन केले तो ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातला जिवाणू मूत्रमार्गातून मूत्राशयात शिरतो आणि तिथे दाह करतो. योग्य गोळ्या योग्य दिवस घेतल्या की काम भागते. पण काहींच्या बाबतीत तो तिथे थांबत नाही. मूत्रवाहिनीतून वर चढत मूत्रपिंडात पोचतो आणि तिथून रक्तात. मूत्रपिंडात शिरलेल्या जिवाणूला रक्त शोधत फिरावे लागत नाही, कारण हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त ढकलते त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा या दोन लहानशा अवयवांतूनच जातो. म्हणजे मिनिटाला लिटरभर. रक्तात जिवाणू उतरला आणि त्याच्याशी लढताना शरीराची स्वतःचीच घडी विस्कटली, की त्याला सेप्सिस म्हणतात. 2017 या एका वर्षात जगभरात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी निगडित मृत्यू सुमारे 1 कोटी 10 लाख, असा अंदाज 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोठ्या माणसांच्या सेप्सिसमध्ये साधारण 20 ते 30 टक्के वेळा उगम मूत्रमार्गात असतो.

म्हणून या प्रकरणाचा सगळा भार एका प्रश्नावर आहे: जिवाणू अजून खालीच आहे, की वर चढला? उपचार यावरच बदलतो. नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनची गोळी मूत्राशयासाठी उत्तम, कारण ती लघवीत भरपूर उतरते. पण मूत्रपिंडाच्या मांसात आणि रक्तात तिचे प्रमाण पुरेसे होत नाही. वर चढलेल्या जिवाणूला ती पोचतच नाही. खालच्या दुखण्याची गोळी वरच्या दुखण्याला दिली, तर रोगी औषध घेत राहतो आणि आजार आपल्या वाटेने पुढे जातो.

हे लघवी तपासून कळत नाही का? अर्धेच कळते. लघवीत पू-पेशी दिसल्या, पट्टीवर नायट्राइट उमटले, म्हणजे संसर्ग असावा. कल्चर केले तर कोणता जिवाणू आणि त्याला कोणते औषध लागू पडेल हेही समजते. एका मिलिलिटरमध्ये एक लाख जिवाणू हा आजही वापरात असलेला उंबरठा बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी 1956 च्या सुमारास रूढ केला. पण कल्चरचे उत्तर यायला एक ते दोन दिवस लागतात आणि जिवाणू किती खोल गेला हे ते सांगत नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसांच्या, मधुमेहींच्या आणि लघवीची नळी घातलेल्यांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जिवाणू सापडतात. त्यांचा ताप न्यूमोनियाचा असेल आणि आपण लघवीला दोष देत बसू.

याच्या उलटही होते आणि ते जास्त धोक्याचे. मराठवाड्यात मुतखडा घरोघरी. खडा मूत्रवाहिनीत अडकला आणि त्याच्या मागे तुंबलेल्या लघवीत पू झाला, तर त्या बाजूची लघवी मूत्राशयात उतरतच नाही. रोग्याने डबीत दिलेली लघवी दुसऱ्या, धडधाकट मूत्रपिंडाची असते. रिपोर्ट स्वच्छ येतो. कमरेत कळ, अंगात हुडहुडी आणि हातात ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद. अशा वेळी साक्ष रक्ताची घ्यावी लागते आणि जोडीला सोनोग्राफी.

रक्ताकडे वळण्याआधी हुडहुडीबद्दल दोन शब्द, कारण ती फुकटची तपासणी आहे. 2005 मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी ताप घेऊन आलेल्या रुग्णांची थंडी तीन पायऱ्यांत मोजली: नुसते गार वाटणे, जाड पांघरूण घ्यावेसे वाटणे, आणि पांघरुणातही अंग थडथड उडणे. थंडी अजिबात नसलेल्यांच्या तुलनेत तिसऱ्या गटात रक्तात जिवाणू सापडण्याची शक्यता सुमारे बारापट निघाली. पडेगावातला मुलगा डॉक्टरांना सांगतो, “सर, माय रात्रभर थडथड कापायलीय,” तेव्हा त्याने निम्मे निदान केलेले असते. अडचण एवढीच की पावसाळ्यात असे ऐकले की सगळ्यांच्या मनात आधी मलेरिया येतो आणि डेंग्यू येतो. लघवीचा विचार तिसऱ्या क्रमांकावर.

आता रक्त. सर्वांत जुनी आणि स्वस्त तपासणी म्हणजे सीबीसी, रक्तपेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला 4,000 ते 11,000 हे नेहमीचे. संसर्गात त्या पंधरा-वीस हजारांवर जातात हे सर्वांना ठाऊक असते. चार हजारांच्या खाली घसरतात तेव्हा ते जास्त वाईट लक्षण असू शकते, हे ठाऊक नसते. प्लेटलेटची गोष्ट तर आणखी मजेशीर. डेंग्यूमुळे आपल्याकडे रिक्षावाल्यापासून सरपंचापर्यंत प्रत्येकाला प्लेटलेटचा आकडा वाचता येतो. तो एक लाखाच्या खाली गेला की पपईच्या पानांची शोधाशोध सुरू होते. प्लेटलेट सेप्सिसमध्येही घसरतात. तापाच्या रोग्याला लघवीची तक्रार आहे, कमरेच्या वर एका बाजूला ठोकले की दुखते आणि प्लेटलेट नव्वद हजार आहेत, अशा रोग्याला नुसते डेंग्यू समजून घरी नारळपाण्यावर ठेवणे महागात पडते. ईएसआर, म्हणजे लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग, मात्र इथे सोडून द्यावा. तो चढायला दिवस घेतो, उतरायला आठवडे, आणि आजच्या रात्रीचा निर्णय त्याच्यावर घेता येत नाही.

त्याच्या पुढची पायरी सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे प्रथिन. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ओस्वाल्ड एव्हरींच्या प्रयोगशाळेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्तद्रव तपासत होते. न्यूमोकोकस जिवाणूपासून वेगळ्या काढलेल्या ‘सी’ नावाच्या अंशाशी आजारी माणसाचे रक्तद्रव मिसळले की साका बसत असे. माणूस बरा झाला की बसत नसे. ते जे काही होते ते प्रतिद्रव्य नव्हते, कारण प्रतिद्रव्य बरे झाल्यावर वाढते. हे प्रथिन यकृतात तयार होते, असे पुढे कळले. जिवाणूच्या कवचाची चाहूल लागताच पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-6 हा रासायनिक निरोप धाडतात आणि यकृत सीआरपी बनवू लागते. सहा तासांत वाढ दिसते, शिखर गाठायला दोन दिवस लागतात आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर साधारण 19 तासांत रक्तातले प्रमाण निम्मे होते.

सीआरपीचा दोष असा की ते कशानेही वाढते. मार लागला, शस्त्रक्रिया झाली, संधिवात भडकला, विषाणूचा ताप आला, तरी वाढते. मूत्राशयाच्या साध्या दाहात ते बहुधा फार चढत नाही, मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या संसर्गात चांगलेच चढते, आणि एवढा फरक दाखवला तरी काही शे रुपयांच्या तपासणीने पैसे वसूल केले. रिपोर्ट वाचताना एक खबरदारी घ्यावी. काही प्रयोगशाळा सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे. एकीकडचे 9 म्हणजे दुसरीकडचे 90. आज एका ठिकाणी तपासले आणि परवा दुसऱ्या ठिकाणी, तर रोगी दहापट बिघडला किंवा दहापट सुधारला असे वाटू शकते. आकड्याशेजारचे बारीक अक्षर आधी वाचायचे.

आणि मग प्रोकॅल्सिटोनिन, ज्याच्यामुळे गेल्या तीस वर्षांत या विषयाची चर्चा बदलली. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या काही पेशी कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवतात. त्याच्या आधीचा कच्चा माल म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, 116 अमिनो आम्लांची साखळी. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ सापडत नाही, कारण ग्रंथीतच त्याचे तुकडे होऊन संप्रेरक तयार होते. 1993 मध्ये मार्सेल असिको, क्लोद बोउओं आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये 79 मुलांची निरीक्षणे मांडली. संसर्ग नसलेल्या मुलांत हे प्रमाण मिलिलिटरला 0.1 नॅनोग्रॅमपेक्षा कमी होते. जिवाणूंचा गंभीर संसर्ग असलेल्या 19 मुलांत ते 6 ते 53 होते. म्हणजे फरक दुपटी-तिपटीचा नव्हता, शेकडोपटीचा होता.

असे का होते? जिवाणूंचे विष रक्तात आले की यकृत, चरबी, स्नायू अशा एरवी या कामाशी संबंध नसलेल्या पेशीही प्रोकॅल्सिटोनिन बनवू लागतात. त्यांच्याकडे त्याचे तुकडे करायची सोय नसते, म्हणून ते तसेच्या तसे रक्तात सांडते. विषाणूच्या संसर्गात शरीर इंटरफेरॉन-गॅमा सोडते आणि ते या निर्मितीला लगाम घालते. म्हणून डेंग्यूच्या किंवा फ्लूच्या तापात हा आकडा सहसा फारसा चढत नाही. वेगही चांगला. 1994 मध्ये निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूच्या विषाची बारीकशी मात्रा टोचून ठरावीक तासांनी रक्त तपासले गेले. दोन तासांपर्यंत काही दिसले नाही, चौथ्या तासाला प्रोकॅल्सिटोनिन उमटले, सहाव्या तासाला वर पोचले आणि दिवसभर तिथेच टिकले. सीआरपीला दोन दिवस लागतात त्या ठिकाणी याने अर्ध्या दिवसाच्या आत निकाल दिला. साधारण हिशेब असा: 0.5 च्या वर संशय, 2 च्या वर सेप्सिसची बरीच शक्यता, 10 च्या वर प्रकरण गंभीर.

मूत्रमार्गाच्या बाबतीत याची परीक्षा दोन वेगळ्या टोकांना झाली. पहिली जिनिव्हात, मुलांवर, 1998 मध्ये. लहान मुलाच्या लघवीच्या तापात मोठी भीती असते ती मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहण्याची. मूल बोलून सांगत नाही, ताप एवढेच लक्षण. मूत्रपिंडाला इजा झाली की नाही हे डीएमएसए नावाच्या किरणोत्सर्गी द्रव्याच्या स्कॅनमध्ये दिसते. या स्कॅनशी ताडून पाहिले तेव्हा, ज्या मुलांच्या मूत्रपिंडात इजा होती त्यांचे प्रोकॅल्सिटोनिन दाखल होतानाच वाढलेले होते, आणि इजा जेवढी मोठी तेवढा आकडा चढा. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर उत्साह थोडा ओसरला. 2015 च्या कोक्रेन आढाव्याने म्हटले की एकट्या या आकड्यावर स्कॅन करायचा की नाही हे ठरवण्याइतकी खात्री नाही.

दुसरी परीक्षा नेदरलँड्समध्ये, मोठ्यांवर. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लघवीच्या संसर्गाने ताप आलेले 581 रुग्ण होते आणि त्यातल्या 23 टक्क्यांच्या रक्तात जिवाणू सापडले. प्रोकॅल्सिटोनिन 0.25 च्या वर ही रेघ ओढली, तर रक्तात जिवाणू असलेल्या शंभरातले 95 त्या रेघेच्या वर सापडले. पण जिवाणू नसलेल्यांतलेही निम्मे त्याच बाजूला पडले. याचा अर्थ व्यवहारात असा होतो की आकडा कमी आला तर निर्धास्त होण्याला आधार मिळतो, जास्त आला तर एवढ्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही. हीच जवळजवळ सगळ्या रक्त-खुणांची जात आहे. ‘नाही’ म्हणताना त्या भरवशाच्या, ‘हो’ म्हणताना कच्च्या.

‘नाही’ म्हणतानाही त्या फसतात, तेही सांगायला हवे. हुडहुडी भरून दोन तास झालेत आणि रक्त काढले, तर प्रोकॅल्सिटोनिन अजून जन्मालाच आलेले नसते. पू एका पिशवीत बंदिस्त असेल तरी आकडा कमी राहू शकतो. उलट मोठे भाजणे, मोठी शस्त्रक्रिया, गंभीर मलेरिया, डायलिसिसवरचा रुग्ण, जन्मानंतरचे पहिले दोन दिवस, या सगळ्यांत तो जिवाणूंशिवायही वाढलेला असतो. आणि ही तपासणी सीआरपीच्या काही पट महाग पडते. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते तिथे एकदा करणे जिवावर येते, मग दुसऱ्यांदा कोण करणार? माझ्या मते मात्र एकदाच केलेले प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे निम्मे पैसे वाया. त्याचे खरे मोल दुसऱ्या आकड्यात आहे. योग्य औषध लागू पडले आणि तुंबलेला पू निघाला, तर ते साधारण दिवसाला निम्मे होत उतरते. दोन दिवसांनी उतरले नाही, तर औषध चुकले किंवा कुठेतरी पू अडकलाय.

लॅक्टेटची गोष्ट वेगळी आहे, कारण ते संसर्गाची खूण नाहीच. शरीर किती त्रासात आहे याची ती खूण. 1843 मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये योहान शेरर यांनी बाळंतरोगाने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल शोधून काढले. माणसाच्या रक्तात रोगाची खूण म्हणून ते सापडल्याची ही पहिली नोंद. जिवाणू म्हणजे काय हेच अजून कुणाला नीट ठाऊक नव्हते तेव्हाची. पेशींना रक्त कमी पोचले किंवा त्यांच्या आतली यंत्रणा बिघडली की लॅक्टेट साचते. लिटरमागे 2 मिलिमोलपर्यंत ठीक. 4 च्या वर गेले तर रक्तदाब अजून बरा दिसत असला तरी रोगी अतिदक्षता विभागाचा समजायचा. 2016 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार सलाईन देऊनही रक्तदाब औषधाशिवाय टिकत नाही आणि लॅक्टेट 2 च्या वर राहते, तेव्हा त्याला सेप्टिक शॉक म्हणतात.

आकडा बरोबर यायला रक्त कसे काढले यावर बरेच अवलंबून असते. जांभळ्या टोपणाची नळी सीबीसीसाठी. पिवळ्या किंवा लाल टोपणाची सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनसाठी. लॅक्टेटला करड्या टोपणाची, कारण तिच्या तळाशी फ्लोराइड असते. रक्तातल्या पेशी नळीत गेल्यावरही जिवंत असतात, साखर खातात आणि लॅक्टेट बनवत राहतात. फ्लोराइड त्यांना थांबवते. साध्या नळीत काढलेले रक्त दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून तासभर फिरले, तर यंत्र त्या नळीतल्या पेशींचे लॅक्टेट मोजते आणि आपण ते रोग्याच्या नावावर लिहितो. दंडाला पट्टा करकचून बांधून, मूठ उघडझाप करायला लावून काढलेल्या रक्तातही आकडा फुगतो. आणि या नळ्यांच्या आधी, सर्वांत पहिल्यांदा, भरायच्या त्या कल्चरच्या बाटल्या: कातडी नीट पुसून, ती वाळू देऊन, दोन वेगवेगळ्या जागांवरून, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर. प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन गेले की या बाटल्यांत जिवाणू उगवण्याची आशा झपाट्याने कमी होते. गडबडीत नेमके हेच राहून जाते.

बाकी रक्त-खुणांची नावे पुष्कळ आहेत. जपानमध्ये पुढे आलेले प्रेसेप्सिन, थेट इंटरल्युकिन-6, मूत्रपिंडाला इजा होताना वाढणारे एनगाल, सीबीसीच्या यंत्रातच मोनोसाइट पेशींच्या आकारातला फरक मोजणारा एमडीडब्ल्यू, ज्याला अमेरिकेत 2019 मध्ये परवानगी मिळाली. यांतला एमडीडब्ल्यू मला आपल्याकडे आशेचा वाटतो, कारण त्याला वेगळी नळी आणि वेगळा खर्च लागत नाही; योग्य यंत्र असले म्हणजे झाले. उरलेले अजून मोठ्या रुग्णालयांच्या आणि संशोधनपत्रांच्या आवारात आहेत.

हे सगळे पडेगावच्या एका रात्रीला लावून पाहू. समजा, साठीतली एक बाई, जुना मधुमेह, तीन दिवसांपासून जळजळ, आज संध्याकाळपासून थडथड आणि रात्री थोडी असंबद्ध बोलायला लागली. भारतात 2021 मध्ये सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही होते, असे आयसीएमआर-इंडियाब पाहणी सांगते. अशी बाई कोणत्याही गल्लीत आहे. मधुमेहात मूत्रपिंडाच्या मांसात चक्क हवा धरणारा संसर्ग होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. इथे पहिल्या पाच मिनिटांत कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही. श्वास मिनिटाला 22 किंवा जास्त, वरचा रक्तदाब 100 किंवा कमी, आणि भान हरपलेले, या तिहींपैकी दोन गोष्टी असल्या तर थांबायचे नाही. दिवसभरात लघवी किती वेळा झाली हे विचारायचे. साखर तपासायची. नगर नाका, लोखंडी पूल ओलांडून पाणचक्कीच्या बाजूच्या घाटीत रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. घाटी म्हणजे 1956 चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, हजाराहून जास्त खाटांचे, आणि अर्ध्या मराठवाड्याचा शेवटचा भरवसा. तिथे सोनोग्राफी होते, अतिदक्षता विभाग आहे. मूत्रपिंड तुंबलेले निघाले तर आतून स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून पू बाहेर काढावा लागतो, आणि हे होईपर्यंत कितीही भारी इंजेक्शन अपुरे पडते.

यात रक्त-खुणांची जागा कुठे? 2021 च्या ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत. प्रतिजैविक सुरू करायचे की नाही हे प्रोकॅल्सिटोनिन पाहून ठरवू नका. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तर पहिले इंजेक्शन एका तासाच्या आत गेले पाहिजे. लॅक्टेट मोजा. आणि प्रतिजैविक थांबवायचे कधी, यासाठी मात्र प्रोकॅल्सिटोनिनची मदत घ्या. लवकर निदानासाठी गाजलेली तपासणी उपयोगाची ठरली ती औषध वेळेवर थांबवण्यासाठी. यात मला काही विसंगत वाटत नाही. सुरुवात डोळ्यांनी आणि हाताने ठरते, शेवट ठरवताना मात्र डॉक्टरांनाही धाकधूक असते. ‘अजून दोन दिवस देऊ’ म्हणत इंजेक्शने लांबत जातात. तिथे उतरलेला आकडा धीर देतो.

औषध वेळेवर थांबवणे आपल्याकडे चैनीची बाब राहिलेली नाही. एनडीएम-1 या जगभर गाजलेल्या औषध-प्रतिरोधी जनुकाचा पहिला रुग्ण 2008 मध्ये सापडला तो भारतीय वंशाचा एक स्वीडिश गृहस्थ. दिल्लीत रुग्णालयात असताना त्याला जो संसर्ग झाला, तो मूत्रमार्गाचाच होता. तेव्हा बातमी झालेला प्रतिरोध आज आपल्या शहरांतल्या कल्चर रिपोर्टवर ‘आर’ (रेझिस्टंट) या एका अक्षराने रोज छापला जातो. मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्या, दोन घेऊन दोन कपाटात ठेवलेल्या, त्या अक्षराला हातभार लावतात.

तेव्हा घरात कुणाला लघवीच्या तक्रारीबरोबर थंडी वाजून ताप आला, कमरेत एका बाजूला कळ आली, उलट्या सुरू झाल्या किंवा म्हातारे माणूस अचानक भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर धन्या-जिऱ्याचे पाणी आणि उरलेल्या गोळ्या दोन्ही बाजूला ठेवा. गर्भवती असेल, मधुमेह असेल, मुतखड्याचा इतिहास असेल किंवा दोन वर्षांच्या आतले मूल असेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ची रुग्णवाहिका फुकट आहे आणि रात्रीही येते. दवाखान्यात पोचल्यावर एवढे विचारा: इंजेक्शनच्या आधी कल्चरचे रक्त आणि लघवी घेतली का, लॅक्टेट करता येईल का, आणि मूत्रपिंड तुंबलेले आहे का हे पाहिले का. पहिल्या रक्ताची वेळ आणि पहिल्या इंजेक्शनची वेळ केसपेपरवर लिहून घ्या. दुसरा आकडा येईल तेव्हा त्याचा अर्थ लावायला या दोन वेळा लागतात.